पोटखराबा

छत्तीस वर्षं तलाठ्याची नोकरी केल्यामुळे मला जगात दोनच प्रकारचे पक्षी माहीत होते. एक पिंडाला शिवणारा आणि दुसरा न शिवणारा. दुसऱ्या प्रकारात उरलेले सगळे येतात आणि त्यांच्यावाचून माझं कधी काही अडलं नव्हतं. सात-बाराच्या उताऱ्यावर पक्ष्यांसाठी रकाना नाही. ज्याला रकाना नाही, ते अस्तित्वात नाही, हा या नोकरीतला पहिला धडा. निवृत्त होऊन पेणच्या घरी बसलो तरी तो मी इमानेइतबारे पाळत होतो.

हे सगळं बिघडवलं पुण्याच्या साडूंनी.

साडू हे नातंच मुळात तुलनेसाठी जन्माला आलेलं आहे. एका सासऱ्याचे दोन जावई म्हणजे एकाच गटाचे दोन हिस्से, बांधावरून नजर एकमेकांकडे. आमची दोघांची सासुरवाडी रोह्याची. साडूंना चार वर्षांपूर्वी साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. नुसतं चालायला कंटाळा येतो म्हणून त्यांनी दुर्बीण घेतली. दुर्बिणीत दिसलेलं लोकांना पटेना म्हणून कॅमेरा घेतला. कॅमेऱ्यात पक्षी ठिपक्याएवढा येतो म्हणून हातभर लांबीचं भिंग घेतलं. आता ते भिंग इतकं जड आहे की ते गळ्यात घालून चालता येत नाही, म्हणून साडू सगळीकडे गाडीने जातात. साखर आहे तिथंच आहे.

"५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, माहितीय का भाऊसाहेब?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं. पाच तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बारा तारखेला सलीम अलींचा, म्हणून तो आठवडा. मला अखंड हरिनाम सप्ताह माहीत होता. "शेवटच्या दिवशी काला असतो का?" असं मी विचारलं. त्यावर साडूंनी फोन ठेवला आणि दोन महिन्यांनी, जानेवारीतल्या एका शनिवारी, ते कॅमेऱ्यासकट पेणला हजर झाले.

"उद्या तुम्हाला पक्षी दाखवायचेच," ते म्हणाले. "माणूस ठरवलाय. पहाटे साडेपाच."

तलाठ्याला पहाटे साडेपाचला उठवण्याचा अधिकार फक्त निवडणुकीला आणि पुराला असतो. पण सौभाग्यवती म्हणाली, "मी येणार." तिची एकादशी होती, दुसऱ्या दिवशी बारस. सूर्योदयानंतर बाहेरच पारणं सोडेन म्हणाली आणि डबा भरायला लागली. घरात बायको आणि साडू एका बाजूला झाले की तिसऱ्याने हरकत नोंदवायची नसते. नोंदवली तरी ती फेटाळली जाते आणि अपील कुठेही चालत नाही.

*

ठरवलेला माणूस म्हणजे नाना. पेणच्या खारेपाटातले आगरी शेतकरी, वय सत्तरीच्या आसपास. आठवडाभर शेती आणि जिताड्याचं तळं, रविवारी पुण्या-मुंबईच्या लोकांना पक्षी दाखवणं. गळ्यात दुर्बीण नाही, डोक्यावर टोपी नाही, पायात साधी रबरी चप्पल. साडूंच्या अंगावर मात्र झाडपाल्याची नक्षी असलेला शर्ट, तशीच पँट आणि तशीच टोपी. हेतू असा की पक्ष्यांना ते झुडूप वाटावेत. खारीच्या मोकळ्या माळावर, जिथे मैलभर एकही झुडूप नाही, तिथे ते एकटे झुडूप होऊन उभे होते आणि गावातली कुत्री त्यांच्यावर भुंकत होती.

अंधारातच आम्ही बांधावर पोचलो. एका अंगाला खाडी, तिवरांची काळी रांग. दुसऱ्या अंगाला जुनी मिठागरं आणि भाताची खाचरं. मध्ये हा मातीचा बांध, ज्याला कागदोपत्री खारबंदिस्ती म्हणतात. बांधात जागोजाग उघाड्या, म्हणजे लाकडी झडपांची तोंडं. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते. खारेपाटातली सगळी शेती या झडपांवर आणि नशिबावर उभी आहे.

साडूंनी तिवई रोवली, भिंग चढवलं आणि समोर बघितलं. समोर धुकं होतं.

"नाना, पक्षी?"

"येतील. भरती चरली की येतील."

"भरती कधी आहे?"

"आज बारस. बाराची पाऊनपट नव. नवाला भरती."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, पुनवेला-अवसेला बाराच्या आसपास. साडूंनी मोबाईल काढून खात्री केली. मोबाईलही नऊच म्हणाला. फक्त हे सांगण्यासाठी त्याला उपग्रह लागला, नानांना बारस पुरली.

"अहो, मग आम्हाला साडेपाचला कशाला बोलावलंत?"

"मी न्हाय बोलावलं. तुमीच म्हनालात, पक्षी पहाटे बघतात."

"मग आता तीन तास काय बघायचं?"

नाना विडी शिलगावत म्हणाले, "धुकं बघा. फुकट हाय."

*

धुकं विरायला लागलं तसे घरगुती पक्षी दिसू लागले आणि मला पहिला धक्का बसला. पक्षी बघून नव्हे, त्यांची नावं ऐकून.

बांधावर शेपटी आपटत चालणारा, तो धोबी. बाभळीच्या काट्यांत सुईसारखी चोच घेऊन शिरलेला, तो शिंपी. वाळक्या खोडावर ठकठक करणारा, तो सुतार. लांब कुठे तरी उंबरावर हातोडी मारल्यासारखा 'टुक टुक' आवाज चाललेला, तो तांबट. तारेवर काळाकुळीत दुशेपट्या बसलेला, तो कोतवाल. ही पाखरांची यादी होती की गावच्या बलुतेदारांची? कोतवाल तर चक्क माझ्या हाताखाली होता! सरकारी कोतवाल दवंडी द्यायचा, हा कावळ्याच्या मागे लागून त्याला हद्दपार करत होता. काम तेच, फक्त याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

पुढे तर टोपणनावंच निघाली. हिरवा, नाजूक, तारेवरून झेपावून माशी पकडून पुन्हा त्याच जागेवर बसणारा वेडा राघू. इतकं अचूक काम करणाऱ्याला वेडा का म्हणतात, हे सचोटीने नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेला चष्मेवाला. गवताच्या काडीवर एकटाच बसलेला गप्पीदास. अर्धा तास आम्ही त्याच्याकडे बघत होतो, तो एक शब्द बोलला नाही. नाव ठेवणाऱ्याने बहुधा त्याला त्याच्या मित्रमंडळींत पाहिलं असावं.

"सगळे आहेत," मी नानांना म्हणालो. "तेवढा तलाठी राहिला."

"तो काय, तिथंच हाय," नाना म्हणाले.

त्यांनी उघाडीजवळच्या डबक्याकडे बोट केलं. मला काही दिसेना. साडूंनाही दिसेना. बायको म्हणाली, "अहो, तो काय ढोकरी! चिखलाच्या रंगाचा." नाकासमोर, मान आखडून, चिखलाशी एकरूप होऊन एक पक्षी बसला होता.

"ह्या ढोकरीला आमी गावात तलाठी म्हंतो," नाना अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले. "जाग्यावर असून दिसत न्हाय. बेडूक तोंडाशी येस्तवर हलत न्हाय. आनि उठून चालला, तर एकदम पांढराशुभ्र."

खरोखरच तो उडाला आणि त्याचे पंख पांढरेफेक निघाले. साडूंनी त्या क्षणाचा फोटो काढला नाही, कारण ते माझा काढत होते.

*

साडेआठच्या सुमाराला चमत्काराला सुरुवात झाली.

खाडीतला चिखल पाण्याखाली जायला लागला तशी त्यावरची पाखरं थव्याथव्याने उठली, बांध ओलांडून आत आली आणि मिठागराच्या उथळ पाण्यात उतरली. नाना ज्याची वाट बघत होते ते हेच. ओहोटीला पाखरं खाडीच्या चिखलात चरतात. भरतीने त्यांचं ताट झाकलं की ती बांधाआड येतात, आणि पाणी उतरलं की परत जातात. दिवसाला दोन पाळ्या. हजेरीपट भरायला कुणी नाही तरी एकाचाही खाडा नाही.

गुलाबी काड्यांवर उभे केल्यासारखे शेकाट्या. वाकडी लांब चोच घेतलेले कुदळ्ये. काळ्या डोक्याचे पांढरे शराटी. राखी बगळे, मोठे बगळे, गायबगळे. पेणच्या गणपती कारखान्यांत या दिवसांत कच्च्या मूर्ती रांगेने मांडून ठेवलेल्या असतात, रंगाच्या आधीच्या, पांढऱ्याशुभ्र. बगळ्यांची रांग बघून मला तेच आठवलं. फरक इतकाच की यांचे डोळे आधीच आखलेले होते.

आणि पाण्याच्या कडेने, उंदराच्या पिल्लांसारखी लगबग करणारी पाखरं, ती टिलवा. नानांनी एवढंच सांगितलं की ही लांबून येतात. किती लांबून ते साडूंनी सांगितलं. उत्तर ध्रुवाच्या बाजूला, टुंड्रात त्यांची घरटी असतात. थंडी पडली की निघतात आणि आमच्या पेणच्या चिखलात येऊन उतरतात. वजन किती? पाव किलोत नऊ-दहा बसतील. मी एवढ्या वर्षांत पेणहून अलिबागला बैठकीला जायचं तर आदल्या दिवसापासून कपाळावर बाम लावून बसत असे.

साडू भराभर फोटो काढत होते आणि वहीत आकडे लिहीत होते. "शेकाट्या किती असतील हो, भाऊसाहेब?"

इथे माझा अनुभव कामाला आला. मी डोळे किलकिले केले, डावीकडून उजवीकडे एकदा मान फिरवली आणि म्हणालो, "चारशे."

"मोजलेत?"

"नजर पैसेवारी. आम्ही अख्ख्या तालुक्याचं पीक अशानेच सांगायचो."

नाना हसले. काही बोलले नाहीत. नानांचं न बोलणं मला त्या गप्पीदासापेक्षा जास्त ऐकू आलं.

मग त्यांनी मला एकेकाची चोच बघायला सांगितली. दुर्बिणीतून पाहिलं तर प्रत्येकाची वेगळी. आखूड चोचीचे चिखले वरच्यावर टिपत होते. टिलवा त्याहून जरा खोल. शेकाट्या पोटऱ्याएवढ्या पाण्यात. कुदळ्या आपली लांब वाकडी चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून आतला किडा ओढून काढत होता. एकाच वाफ्यात चार थरांची वहिवाट! कुणाचा हिस्सा कुणात मिसळत नाही, मोजणी नाही, हद्दीचे दगड नाहीत, फेरफार नाही. माझ्या सज्जात दोन सख्ख्या भावांच्या वाटणीचं प्रकरण एकोणीस वर्षं चाललं होतं आणि भांडण एका आंब्याच्या फांदीचं होतं.

"भाऊसाहेब," नाना म्हणाले, "ह्या जाग्याला कागदावर काय म्हंतात?"

"पोटखराबा," मी सांगितलं. लागवडीला अयोग्य, उत्पन्न शून्य, आकार नाही. दगड, नाले, चिखल, खार, सगळं त्यात.

"कुनाच्या पोटाचा खराबा?"

मी समोर बघितलं. हजारभर पोटं जेवत होती.

"आनि आजून एक," नाना विडी विझवत म्हणाले. "दोन हजार पाचच्या पावसात हतंच खांड गेली व्हती. आमची भातं सगली खाऱ्या पान्यात. पंचनामा तुमीच केलाव."

"हो, आठवतंय की!" मी उत्साहाने म्हणालो. बांधाला भगदाड पडलं होतं, किती गुंठे बुडाले ते मला अजून आठवत होतं.

"तुमी आज पयल्यांदा आलाव हतं," नाना शांतपणे म्हणाले. "पंचनामा चावडीत लिवलात. पन नुकसान बराबर लिवलंत. जरा जास्तीच लिवलंत. म्हनून आमी कुनी काय बोललो न्हाय."

त्या वेळी एक टिटवी उठून आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. आकाश कोसळेल म्हणून ती पाय वर करून झोपते असं म्हणतात. मला त्या क्षणी आकाश कोसळलं असतं तर बरं वाटलं असतं.

बायकोने विषय बदलला. तळ्याच्या कोपऱ्यात एक बदकांची जोडी होती. काळी चोच, टोकाला पिवळी, मुळाशी लाल ठिपका. "हळदीकुंकू बदक," ती म्हणाली. संक्रांत नुकतीच झालेली. आमच्या आळीत रथसप्तमीपर्यंत बायकांची ये-जा चालू असते, हे बदक बिचारं बारा महिने वाणाला तयार.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"माझं माहेर कुंडलिकेच्या काठी आहे," ती म्हणाली. "तुम्ही तीस वर्षांत कधी विचारलंत?"

हाही एक पंचनामाच होता, आणि जागेवर जाऊन केलेला.

*

निघताना नानांनी त्यांचं तळं दाखवलं. तळ्याच्या मध्ये खुंटावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. जिताड्याची बोटुकली सोडली की हे महाशय हजर होतात. "हाकलत नाही का?" साडूंनी विचारलं. नाना म्हणाले, "हाकलतो की. पन तो खातो ते दिसतं तरी." आणि माझ्याकडे न बघता चालू लागले.

मग नानांनाही गाडीत घेऊन आम्ही सासुरवाडीकडे निघालो. वडखळ नाक्यावर वडे खाल्ले. बायकोने डब्यातलं पारणं तिथेच बाकावर सोडलं. पुढे महामार्ग. साडूंनी गाडीत पाणथळ जागांवर प्रवचन सुरू केलं. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी करार झाला, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागा त्यात नोंदतात, महाराष्ट्रातली पहिली नोंद २०२० साली नांदूर मध्यमेश्वरची. मी म्हणालो, आमच्या महामार्गाचा अर्ज कुणी केला नाही एवढंच. रुंदीकरण सुरू झाल्यापासून दशकाहून जास्त काळ इथे पावसाळ्यात असे काही जलाशय तयार होतात की त्यात बगळा उभा असलेला मी स्वतः पाहिला आहे. एसटी आली तरी तो हलला नाही. त्याला खात्री होती, एसटीच वळून जाईल.

तालुक्याच्या जमिनीवर सगळ्यांचा डोळा पूर्वीपासून आहे. २००८ साली पेण तालुक्यातल्या २२ गावांत, सेझला जमीन द्यायची की नाही यावर चक्क मतदान झालं. ज्यांनी आयुष्यभर भूमिहीनांसाठी पायी फिरून जमीन मागितली, ते विनोबा आमच्याच तालुक्यातल्या गागोद्याचे. एवढं सगळं झालं, पण त्या हजारभर पोटांना कुणी मत विचारलं नाही. त्यांची नावं यादीत नव्हती. यादी मीच केली होती.

*

नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्याला पोचलो तेव्हा सासुरवाडीत वालाचं बिरडं शिजत होतं. सासरे नव्वदीला टेकलेले, पण रोह्याचा अभिमान तरुण. साडूंनी सलीम अलींचं नाव काढताच ते म्हणाले, "जन्म कधीचा?"

"१८९६."

"आमच्या सी. डी. देशमुखांचाही १८९६!" सासऱ्यांनी काठी आपटली. देशमुखांचा जन्म महाडकडच्या नाते गावचा, पण रोहेकरांपुढे ते बोलायची सोय नाही. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तेव्हापासून ते रोह्याचेच. "एकाने देशाचे पैसे मोजले, दुसऱ्याने देशाचे पक्षी," सासरे म्हणाले आणि साडूंच्या भिंगाकडे बघून पुढे म्हणाले, "आमच्या धाकट्या जावयांना दोन्ही एकदम जमलं नाही."

सलीम अली आमच्या जिल्ह्याला परके नव्हेत. अलिबागजवळ किहीमला राहून १९३० च्या सुमाराला त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. साडूंनी तो सासूबाईंना समजावून सांगितला. घरटं नर विणतो. अर्धं झालं की मादी येऊन आत-बाहेर बघते. पसंत पडलं तर राहते, नाही तर निघून जाते. आणि ती राहिली, की हा दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी.

सासूबाईंनी पळी थांबवली. "घर बांधणार तो, आणि नाव सुगरण?"

"हो ना. चुकीचंच आहे," साडू म्हणाले.

"चुकीचं कसं? नापसंत करायला अक्कल लागते," असं म्हणून त्यांनी साडूंच्या पानात बिरडं वाढलं. माझी बायको आणि आधीच माहेरी आलेली साडूंची बायको, दोघीही आत जोरात हसल्या. का हसल्या ते आम्ही विचारलं नाही.

साडूंना आता जिल्ह्याचा पक्षी हवा होता. रायगड जिल्ह्याने तिबोटी खंड्याला हा मान दिला आहे. मुठीत मावेल एवढा, पायाला तीनच बोटं, अंगावर जांभळा, नारिंगी, पिवळा, जणू रंगकामाच्या दिवशी कारखान्यात घुसलेलं पोर. नाना म्हणाले, तो आत्ता कुठला? पावसाच्या तोंडाला येतो, ओढ्याकाठच्या दरडीत बीळ कोरतो, पिल्लं वाढवतो आणि पावसाबरोबर जातो. म्हणजे जिल्ह्याचा पक्षी हंगाम सोडून जिल्ह्यात नसतो. मला यात नवल वाटलं नाही. पालकमंत्रीही झेंडावंदनापुरतेच येतात.

*

दुपारची झोप काढून फणसाडला गेलो. मुरुड आणि रोह्याच्या मधलं हे जंगल एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. आत जागोजाग पाण्याच्या जागा आहेत, त्यांना 'गाण' म्हणतात. फणसाडची गाण, चिखलगाण. नावंच अशी की तहान लागावी.

खारेपाटात सगळं उघड्यावर होतं. इथे उलट. आवाज भरपूर, दर्शन नाही. तालुक्याच्या कचेरीत असतं तसं. साडूंनी मोबाईलमधलं आवाज ओळखणारं यंत्र सुरू केलं. ते हवेत धरलं की आवाज कुणाचा ते पडद्यावर उमटतं. एका उंच झाडाखाली ते धरून उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. शिक्रा! हळद्या! बुलबुल! कोतवाल! सातवं नाव आलं तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. "एकाच झाडावर सात जाती," ते कुजबुजले आणि वहीत सात ओळी लिहिल्या.

नानांनी वर बोट दाखवलं. झाडावर एकच पक्षी होता. काळा, डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला दोन पिसं लोंबत असलेला भृंगराज.

"सगले आवाज त्याचेच," नाना म्हणाले. "हा नकला करतो."

त्याने तेवढ्यात शिक्र्याची शीळ घातली. खालच्या झुडपात बसलेली चार पाखरं घाबरून उडाली आणि त्यांनी हेरलेला किडा स्वतः उचलून तो निवांत बसला. तोतया सह्या करून दुसऱ्याचं धान्य उचलणारी माणसं मी नोकरीत पाहिली होती, पण इतक्या उघडपणे नाही. साडूंनी जड हाताने सहा ओळी खोडल्या. वहीत खाडाखोड झाली की बाजूला सही करावी लागते, हे मी त्यांना सांगितलं.

परतताना वाटेत सातभाई भेटले. मातकट, पिवळट डोळ्यांचे, एकदम बोलणारे, एकमेकांच्या अंगावर चढून पाचोळा उसकणारे. सात-बाऱ्यावर सात भावांची नावं असली आणि जमीन विकायला निघाली, की सज्जाच्या दारात नेमकं हेच दृश्य असतं. मात्र मुंगूस दिसताच ते सगळे एका फांदीवर जमले आणि एकदिलाने ओरडले. आमचे सात भाऊ मुंगूस आलं तरी एका फांदीवर यायचे नाहीत. आधी फांदी कुणाची ते ठरवतील.

आणि अंधारायच्या आधी, उंच शेंड्यावर, एक शेकरू या झाडावरून त्या झाडावर गेलं. लांबलचक तांबडी शेपूट मागे वाहत. कुणी फोटो काढला नाही. भिंग गाडीत राहिलं होतं. मला वाटतं, म्हणूनच आम्हा चौघांनाही ते नीट दिसलं.

*

रोह्याला परत आलो तर अंगणात शेकोटीची तयारी. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आज पोपटी आहे!"

दिवसभर थकून पडवीत आडवे झालेले साडू ताडकन उठले. "कुठे? कुठल्या झाडावर?" आणि त्यांनी कॅमेरा उचलला.

पुण्याच्या माणसाला सांगावं लागलं की पोपटी उडत नाही. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावायचा, वालाच्या शेंगा भरायच्या, मध्ये अंडी, हवं तर कोंबडी, पुन्हा पाला, मडकं उपडं घालून वर जाळ. वासाने गाव गोळा होतं. साडूंनी शेवटी मडक्याचाच फोटो काढला. त्या दिवसातला तो एकमेव फोटो, ज्यात विषय हलला नव्हता.

नानांना आम्ही रोह्याहून शेवटच्या गाडीत बसवून दिलं. जाताना मी विचारलं, "नाना, ती पाखरं दर वर्षी त्याच जागी येतात का?"

"माझ्या आज्याच्या आधीपासून."

मी हिशेब केला. कसेल त्याची जमीन, हा कायदा मी पाठ केलेला. १ एप्रिल १९५७ ला कूळ जमिनीचं मालक झालं. इथे तर त्याच्याही आधीपासूनची अखंड वहिवाट, शेजाऱ्यांची साक्ष, आणि खंड म्हणून बांधावर टाकलेलं खत. कुठल्याही कचेरीत टिकेल असं प्रकरण होतं. फक्त कुळाला उताऱ्यावर नाव नव्हतं. आणि छत्तीस वर्षं तो उतारा लिहिणारा हात हा होता.

पुढच्या रविवारी संकष्टी होती. चाराची पाऊणपट तीन. मी कुणाला न सांगता दोन वाजता एसटीने निघालो, बांधावर जाऊन बसलो. चष्मा, वही, पेन्सिल आणि साबुदाण्याचा डबा. भरती चरली, पाखरं आली. मी पहिल्या वाफ्यापासून सुरुवात केली. मध्येच उठली की पुन्हा पहिल्यापासून. तीनदा मोजली. नाना लांबून येऊन मागे उभे राहिले, काही बोलले नाहीत. या वेळचं न बोलणं वेगळं होतं.

रात्री साडूंचा फोन आला. त्यांना यादी पूर्ण करायची होती.

"शेकाट्या किती धरू, भाऊसाहेब?"

"एकशे सदतीस."

"अहो, गेल्या रविवारी तुम्हीच चारशे म्हणाला होतात!"

"ते चावडीत बसून मोजलेले होते," मी म्हणालो. "हे जागेवर जाऊन."